एप्रिलमध्ये लॉन मोअर सुरू होत नाही? या चुका टाळा

एप्रिलचा पहिला उबदार शनिवार उजाडला की सकाळी नऊपासून माझा फोन वाजायला लागतो. "काका, मोअर सुरूच होत नाहीये. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. नवीनच घेऊ का?" न्यू जर्सीत घर घेतल्यापासून माझ्या अंगणातलं गवत मीच कापतो आणि ओळखीतल्या मराठी घरांचे मोअर दुरुस्त करणं हा आता माझा शनिवारचा उद्योगच झाला आहे. मागून ढकलत न्यायचा, पेट्रोलवर चालणारा साधा मोअर हे खरं तर फार सोशिक यंत्र आहे. नीट सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज चालतं. पण दर वर्षी चांगल्या स्थितीतले मोअर रस्त्याच्या कडेला कचऱ्यात ठेवलेले दिसतात आणि मला मनापासून वाईट वाटतं.

टाकीत पेट्रोल ठेवून हिवाळा काढणं

एप्रिलमधल्या बहुतेक फोनांच्या मुळाशी हेच असतं. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मोअरची टाकी हवाबंद नसते. दिवसाची ऊब, रात्रीची थंडी असं होत होत ओल पेट्रोलमध्ये उतरत राहते. ती प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल पाण्याला धरून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. इंजिन तर तळातूनच पेट्रोल घेतं. शिवाय पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे वार्निशसारखा चिकट थर उरतो. गाडीला हा त्रास सहसा होत नाही, कारण तिची टाकी आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होऊन पुन्हा भरते. मोअर मात्र नोव्हेंबरपासून तसाच उभा असतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलाने नवीन घर घेतलं. घर विकणाऱ्याने मोअरही त्याच्याकडेच सोडला होता. ऑक्टोबरमध्ये याने दोनदा गवत कापलं आणि मोअर शेडमध्ये लोटून दिला. एप्रिलमध्ये तो सुरू होईना, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून स्टार्टिंग फ्लुइडचा (इंजिन चटकन पेटावं म्हणून मारतात त्या इथरचा) स्प्रे आणून एअर फिल्टर काढून आत मारला. इंजिन दोन सेकंद फुरफुरलं आणि मेलं. त्याने पुन्हा मारला, पुन्हा तेच. अर्धा डबा संपवल्यावर मोअर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला आणि नवा बघायला दुकानात जाताना सहज मला फोन केला.

फवारा मारल्यावर दोन सेकंद इंजिन चाललं, हे ऐकलं तेव्हाच मी त्याला म्हटलं, "दुकानात जाऊ नकोस, तसाच मागे फिर." फवाऱ्यावर इंजिन पेटतंय याचा अर्थ ठिणगी आहे, दाब आहे, फक्त पेट्रोल पोचत नाहीये. तपासणीपुरतं हे कळलं हे ठीक. पण तो स्प्रे पुन्हा पुन्हा मारू नका. त्यातलं इथर सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकतं आणि इंजिन कोरडं घासतं.

मग मी त्याचा मोअर उघडायला घेतला. आधी प्लगची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची, वायर काढून बाजूला केली. टाकीतलं पेट्रोल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत काढलं आणि उजेडात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, तळाला बोटभर गढूळ थर, आणि मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. त्या मुलाने बरणी हातात घेऊन हलवली, तर खालचा थर थेंब-थेंब होऊन वर आला आणि मिनिटभरात परत खाली जाऊन बसला. मग कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची, खालची वाटी काढली. ती एकाच बोल्टवर असते. आत पांढरी भुकटी आणि कडेला डिंकासारखा थर होता. मधलं जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची नळी, काढून ट्यूबलाइटसमोर धरलं, तर आरपार काहीच दिसेना. त्या जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे ते बुजायला असा कितीसा थर लागतो? कार्बोरेटर क्लीनर मारून जेट दहा मिनिटं ठेवलं. मग जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची एक तार घेतली आणि हलक्या हाताने आत-बाहेर केली. टाचणी किंवा सुई घालू नका. जेट पितळेचं असतं, भोक मोठं झालं तर गेलंच. पुन्हा उजेडात धरलं तेव्हा मधोमध एक स्वच्छ, गोल प्रकाशाचा ठिपका दिसला. वाटी पुसून बसवली, ताजं पेट्रोल घातलं, तिसऱ्या ओढीला मोअर सुरू झाला. सगळं मिळून तासभर लागला असेल, खर्च फक्त क्लीनरच्या डब्याचा.

आता माझी पद्धत सांगतो. मी १ गॅलनचाच डबा वापरतो. ५ गॅलनचा डबा घेणाऱ्यांचं अर्धं पेट्रोल डब्यातच शिळं होतं. डबा भरून आणला की त्याच दिवशी त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध) घालतो आणि डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो. महिना झाला आणि पेट्रोल उरलं असेल तर ते मोअरमध्ये घालत नाही. स्टॅबिलायझर शिळ्या पेट्रोलला ताजं करत नाही, ताज्याला फक्त टिकवतो. मार्चमध्ये ओतून चमत्कार व्हायची वाट बघू नका. नोव्हेंबरमध्ये शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करतो, उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो आणि कार्बोरेटरच्या वाटीतलंही काढतो. टाकी स्टॅबिलायझर घातलेल्या पेट्रोलने गच्च भरून ठेवावी असं म्हणणारेही आहेत आणि तेही चालतं. पण कोरडी टाकी बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

पंपावर ई-१५ (१५ टक्के इथेनॉलचं) लिहिलेलं पेट्रोल दिसलं तर ते मोअरसाठी घेऊ नका. लहान इंजिनांत ते घालायला अमेरिकेत कायद्यानेच मनाई आहे. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो. त्याला डबा गाडीच्या डिकीत भरू देऊ नका, खाली जमिनीवर ठेवायला सांगा. डिकीतल्या गालिच्यावर ठेवलेल्या डब्यात स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. काउंटीचा घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असतो, तेव्हा नेऊन द्या.

पातं आपटल्यावर काही झालंच नाही असं समजणं

ही चूक मी स्वतः केली आणि तीन शनिवार घालवले. मेपलच्या झाडाची मुळं जमिनीवर आलेली होती. गवत वाढलेलं, मला घाई, आणि पातं धाडकन मुळावर आदळलं. इंजिन जागच्या जागी थांबलं. मी मोअर मागे ओढला आणि पुन्हा दोरी ओढली. सुरू व्हायचं सोडून दोरीने हाताला असा हिसका दिला की बोटं झिणझिणली. पहिल्या शनिवारी प्लग बदलला. दुसऱ्या शनिवारी कार्बोरेटर उघडला, तो स्वच्छच होता. तिसऱ्या शनिवारी मोअर गाडीत घातला आणि लहान इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला. त्याने मोअरला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "कशावर आपटला होता का?"

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या वरचं जड चाक, आणि पातं फिरवणारा त्याच्या खालचा दांडा यांच्या खाचांत एक लहानशी चावी बसवलेली असते. माझ्या इंजिनातली ॲल्युमिनियमची होती, नखाएवढी रुंद. पातं एकदम अडलं की दांडा थांबतो, पण जड फ्लायव्हील पुढे जायला बघतं आणि मऊ चावी कापली जाते. फ्लायव्हील किंचित फिरलं की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. म्हणूनच दोरी उलटा हिसका देते. त्याने माझी चावी काढून तळहातावर ठेवली. सरळ चौकोनी तुकड्याला मधोमध पायरी पडली होती, केसभरच असेल. तेवढ्याने तीन आठवडे मोअर बंद होता.

आपटल्यानंतर दोरी हिसका द्यायला लागली तर आधी हीच चावी बघा. फ्लायव्हील काढायला पुलर (ओढून काढायचं अवजार) वापरा, दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका. चावी नवी आणि त्याच इंजिनाची घ्या. मऊ चावी पुन्हा कापली जाईल म्हणून खिळ्याचा तुकडा ठोकून बसवणारे मी पाहिले आहेत. मग पुढच्या धक्क्याला चावीऐवजी दांडा किंवा फ्लायव्हील खराब होतं. आपटल्यानंतर मोअर जोरात थरथरत असेल तर पातं किंवा दांडा वाकला आहे. तसाच पुढे चालवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

नवा मोअर बहुतेक वेळा तेल न भरता येतो. खोक्यातून काढला, पेट्रोल घातलं, दोरी ओढली, आणि थोड्याच वेळात इंजिन जाम. आधी तेल घाला. पण "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेच्या वर भरू नका, धूर येतो. पहिलं तेल साधारण ५ तास चालल्यावर बदला, पुढे दर ५० तासांनी. माझं दर वसंतात एकदा होतंच.

खालून साफ करायला मोअर आडवा करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहिले पाहिजेत. उलट्या कुशीवर टाकला की तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं आणि सुरू केल्यावर गल्लीभर पांढरा धूर होतो. आणि हात खाली घालण्याआधी प्लगची वायर काढायचीच. यात सवलत नाही.

कागदी एअर फिल्टर धुऊ नका, बदला.

पात्याला हंगामात दोनदा धार लावा. कापल्यावर दोन दिवसांत गवताची टोकं पांढुरकी, फाटल्यासारखी दिसली तर पातं बोथट झालं आहे. बसवताना पंखासारखा उचललेला भाग वर, मोअरच्या पोटाकडे.

सुट्टीवरून भारतातून परत आल्यावर गुडघ्याएवढं वाढलेलं गवत एका दिवसात चटईसारखं करायला जाऊ नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची कापायची नाही. आमच्याकडच्या फेस्क्यू आणि ब्लूग्रास या गवतांना मी ३ ते साडेतीन इंच ठेवतो. ओलं गवत तर कापूच नका. पोटात लगदा बसतो आणि इंजिन गुदमरतं.

उतारावर मागून ढकलायचा मोअर आडवा चालवा, वर-खाली नाही. पाय घसरला तर मोअर तुमच्या अंगावर येता कामा नये.

चपला घालून गवत कापताना मी आपल्या माणसांना दर उन्हाळ्यात बघतो. पायात बंद बूट हवेत. लहान मुलं घरात हवीत. १२ वर्षांखालच्या मुलाच्या हातात मोअर देऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आणि मोअर चालवताना हँडलला दाबून धरावी लागते ती दांडी. ती सोडली की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, असा इथे १९८२ पासून नियम आहे. धरून धरून हात दुखतो म्हणून काही जण ती दांडी प्लॅस्टिकच्या पट्टीने हँडलला बांधून टाकतात. अशी पट्टी बांधलेला मोअर माझ्याकडे आला की मी आधी पक्कड घेऊन ती कापतो, मगच बाकीच्या कामाला हात लावतो.