नदीकाठची मोटार दुरून चालवताना पडद्यावर काय दिसावे?

पंचगंगेच्या काठावरील मोटार आता घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करता येते. मात्र चालवणाऱ्याला तिचा आवाज ऐकू येत नाही आणि पाइपवर हात ठेवून पाणी चढले की नाही हेही पाहता येत नाही. कोल्हापूर परिसरातील एखाद्या उपसा सिंचन संस्थेसाठी नियंत्रणाचा पडदा तयार करताना कानाचे आणि हाताचे हे काम डोळ्यांकडे द्यायचे असते.

सर्वप्रथम, दिलेली आज्ञा आणि झालेले काम वेगवेगळे दाखवावे. बटण दाबताच हिरवा दिवा लागत असेल, तर तो केवळ संदेश गेल्याचे सांगतो. फुटव्हॉल्व्ह (नदीत बुडालेल्या पाइपाच्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळून पाइपातले पाणी उतरले असेल, तर मोटार फिरत राहते आणि उसाला थेंबही मिळत नाही. अशा वेळी अँपिअर (मोटार घेत असलेला विद्युतप्रवाह) नेहमीपेक्षा कमी दिसतात व डिलिव्हरीचा, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या पाइपातला दाब चढत नाही. म्हणून हे दोन्ही आकडे दिव्याशेजारीच असावेत. ही बाब किरकोळ नाही. १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण नियंत्रण कक्षातील दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती न दाखवता तो बंद करण्याचा संकेत गेल्याचेच दाखवत होता. व्हॉल्व्ह मिटला असे समजून बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या नकळत दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी बाहेर जात राहिले.

त्यानंतर आकड्याला संदर्भ द्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. परंतु ३७ फूट हा आकडा पाणी चढत असताना एक सांगतो आणि ओसरत असताना दुसरेच. त्यासाठी मागील काही तासांची रेषा काढावी, आणि आपल्या पंपहाऊसमधील स्टार्टरपर्यंत पाणी किती पातळीला पोहोचेल, ती खूण जागेवर मोजून त्याच रेषेवर दाखवावी.

प्रत्येक नोंदीवर वेळ अवश्य असावी. पावसाळ्यात नेटवर्क गेले की जुना आकडा तसाच राहतो आणि सारे सुरळीत असल्याचा भास होतो. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच. ठरलेल्या वेळेत नवी नोंद न आल्यास आकडा फिका करून ‘२० मिनिटांपूर्वीची नोंद’ असे स्पष्ट लिहावे. कॅमेऱ्याच्या चित्रावरही चालते घड्याळ ठेवावे.

रंग मोजकेच वापरावेत. काहींना लाल-हिरव्यातील फरक ओळखता येत नाही, त्यामुळे रंगाबरोबर ‘बंद’, ‘फेज गेला’ असे शब्द हवेत.

शेवटी एका व्यक्तीला पंपहाऊसवर उभे करून फोनवर ठेवावे. तिने जाणकाराच्या मदतीने आधी मोटार जागेवरूनच बंद करावी, मग मोटारीला मोबाइलशी जोडणाऱ्या पॅनेलचे सिम काढावे. प्रत्येक वेळी पडद्यासमोरील माणसाने फोनवर न विचारता नेमके काय घडले ते सांगावे. त्याला सांगता आले नाही, तर पडद्याची मांडणी बदलावी आणि हीच चाचणी पुन्हा घ्यावी.