मुलांच्या वाढीचे संदर्भ-आलेख काढताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलांची उंची-वजनं सतत मोजली जातात. अंगणवाडीत, शाळेच्या आरोग्य तपासणीत, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रबंधांसाठी. इतकी मोजमापं हाताशी असताना आपल्या मुलांचा आपला संदर्भ-आलेख, म्हणजे इथली मुलं कोणत्या वयाला केवढी असतात ते दाखवणारा आलेख, काढावा असं कुणालाही वाटेल, आणि ते वाटणं योग्यच आहे. अडचण पुढे येते. ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत गॅमलस हे रेषा बसवणारं पॅकेज चालवलं की थोड्या वेळात पडद्यावर सात देखण्या पर्सेंटाइल-रेषा (प्रत्येकीखाली ठरावीक टक्के मुलं) उमटतात. रेषा गुळगुळीत करणं हे त्या पद्धतीचं कामच आहे, त्यामुळे आत भरलेली माहिती चुकीची असली तरी रेषा तितक्याच देखण्या निघतात. उद्या कणकुंबीच्या एखाद्या मुलीचा ठिपका त्या रेषांवर ठेवून कुणीतरी ‘ठीक आहे’ म्हणणार आहे. म्हणून आलेख काढणाऱ्याने आधी खाली दिलेल्या गोष्टी तपासाव्यात. बहुतेक बिघाड सूत्रात नसतात, ते सूत्राच्या आधीच झालेले असतात.

वय चुकलं की सगळं चुकलं

सर्वांत आधी जन्मतारखांचा तक्ता काढा आणि कोणत्या तारखेला किती मुलं जन्मली ते बघा. शाळेच्या दाखल्यांवरून घेतलेल्या माहितीत १ जूनला उंच मनोरा दिसतो. दाखल करताना खरी तारीख हाताशी नव्हती, म्हणून ती लिहिली गेली. सहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर वाढतं. वय सहा महिन्यांनी चुकलं तर उंचीत तीन सेंटीमीटरचा फरक पडतो. त्या वयात प्रमाण विचलन (मुलांची मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप) पाच सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणजे झेड-स्कोअर (मूल मधल्या मापापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) ०.६ ने सरकला.

तान्ह्या बाळांत हे कितीतरी तीव्र होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलग्याची मध्यक लांबी (निम्मी बाळं जिच्या वर, निम्मी खाली) जन्मतः ४९.९ सेंटीमीटर आहे आणि एक महिन्याला ५४.७. तिथलं प्रमाण विचलन दोन सेंटीमीटरच्याही आत आहे. एका महिन्याची चूक झाली की निरोगी बाळ थेट खुजं ठरतं, किंवा खुजं बाळ निरोगी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पूर्ण झालेली वर्षं हेच वय धरणं. पाच वर्षं अकरा महिन्यांचं मूलही ‘५’ मध्ये जातं आणि सगळी रेषा सरासरी सहा महिन्यांनी डावीकडे सरकते. मोजणीच्या तारखेतून जन्मतारीख वजा करा, दिवस काढा, ३०.४३७५ ने भागा, महिने मिळतील. तारीख माहीतच नसेल तर आईला आजूबाजूच्या घटनांवरून विचारा: बेंदराच्या आधी की नंतर, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या वेळी पोटात होतं का, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात किती महिन्यांचं होतं. अशी गावची दिनदर्शिका आधी तयार करून ठेवली तर विचारणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तारीख महिन्याच्या आत येते. जी अंदाजाने लिहिली ती तारीख वेगळ्या रकान्यात ‘अंदाजे’ अशी नोंदवा. मी तर अशी मुलं संदर्भ-आलेखातून वगळूनच टाकेन.

सीमाभागाची एक खास काळजी आहे. काही नोंदवह्यांत आकडे कन्नडमध्ये असतात, काहींत देवनागरीत. संगणकावर माहिती भरायला दोन्ही लिपींतले अंक रोज वाचणारा माणूसच बसवा.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपी चाचणी आहे. स्वतःचा आलेख काढण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकावर सगळ्यांचे वयानुसार उंचीचे झेड-स्कोअर काढा. त्यांचं प्रमाण विचलन साधारण १.१० ते १.३० मध्ये असावं. ते १.६ किंवा १.८ आलं तर मुलांत एवढी विविधता आहे असं समजू नका. वय किंवा मोजपट्टी चुकली आहे, पुन्हा नोंदवहीकडे जा.

मोजली कुणाची मुलं?

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातली मुलं आजारी म्हणून आलेली असतात. टिळकवाडी किंवा कॅम्पमधल्या खासगी शाळांतली मुलं जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा सुखवस्तू घरांतली असतात. हंगामात अथणी, रायबाग, चिकोडी भागात ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलं फडावर असतात, त्यांचं नाव इथल्या कोणत्याच पटावर सापडत नाही. जांबोटीच्या रानातल्या वाड्यांवर तर पथक पोचतच नाही. कोणती मुलं गळली हे आलेखाखाली स्पष्ट लिहावं लागतं.

याहून मोठी चूक म्हणजे संदर्भ आणि मानक यांत गल्लत करणं. संदर्भ-आलेख सांगतो की या भागातली मुलं आज कशी आहेत. मानक सांगतं की सगळं अनुकूल असेल तर मूल कसं वाढायला हवं. जागतिक संघटनेने १९९७ ते २००३ मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती वाढीला बाधक नसलेली, अशीच मुलं निवडली गेली आणि २००६ मध्ये मानक आलं.

आता आपण सरसकट सगळी मुलं मोजून तिसरा पर्सेंटाइल काढला तर काय होईल? त्या रेषेखाली नेहमी तीन टक्केच मुलं येतील, मग गावातली निम्मी मुलं उपाशी असली तरी. कुपोषण जितकं जास्त, तितकी रेषा खाली, आणि तितकी मुलं मदतीच्या यादीतून बाहेर. स्थानिक आलेख तालुक्यांची तुलना करायला, बदल पाहायला जरूर काढा. कुणाला पोषण आहार द्यायचा हे मात्र पाच वर्षांपर्यंत २००६ च्या मानकावरच ठरवा. ५ ते १८ वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे आलेख आहेत.

मोजपट्टी

दोन वर्षांखालचं मूल झोपवून, त्यावरचं उभं करून मोजतात. दोन्हींत ०.७ सेंटीमीटरचा फरक धरतात. लहान मूल उभं करून मोजलं असेल तर ०.७ मिळवा. उंचीचे शेवटचे आकडे बघा. शून्य आणि पाचच फार असतील तर आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाने टेकवलेले आहेत. चंदगड-गडहिंग्लजची माहिती खानापूरच्या माहितीत मिसळायची असेल तर आधी दोन्हीकडची काही मुलं दोन्ही पथकांकडून मोजून घ्या.

सूत्रातल्या चुका

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिम कोल यांच्या एलएमएस या रेषा बसवण्याच्या पद्धतीत प्रत्येक वयाला तीन आकडे असतात. एम म्हणजे मध्यक, एस म्हणजे मध्यकाच्या प्रमाणात पसारा आणि एल म्हणजे वितरणाचा एका बाजूचा कल सरळ करणारा घात. मोजमापाला एमने भागा, त्याचा एल-घात करा, १ वजा करा, मग एल आणि एसच्या गुणाकाराने भागा. एल शून्य असेल तर गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घेऊन एसने भागा.

मुलग्यांच्या जन्मवजनाला मानकातले आकडे आहेत: एल ०.३४८७, एम ३.३४६४, एस ०.१४६०२. अडीच किलोच्या बाळाचा झेड −१.९० येतो. एल विसरून साधी वजाबाकी-भागाकार केली तर −१.७३. आणि एसलाच किलोतलं प्रमाण विचलन समजलं तर −५.८०! वजनासाठी ‘अशक्य’ नोंद पकडण्याची नेहमीची खालची मर्यादा −६ आहे, म्हणजे ही चूक चाळणीतून निसटते. यादीत झेड सगळीकडे अवाच्या सवा दिसले तर पहिल्यांदा इथे बघा.

टोकाची मुलं काढून टाकून पुन्हा रेषा बसवण्याचा मोह फार वाईट. ±२ बाहेरची सगळी मुलं काढली तर झेडचं प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) १ वरून सुमारे ०.७७ वर येतं. पुन्हा बसवलं की रेषा आत सरकतात, मग आणखी मुलं ‘टोकाची’ ठरतात. मूळ नोंदीत चूक सापडली तरच काढा.

रेषेला नको तिथे उंचवटे येत असतील तर तिला वळायची मोकळीक जास्त दिली आहे. एल आणि एसला एमपेक्षा कमी मोकळीक पुरते. पहिल्या वर्षात रेषा बसतच नसेल तर वयाचं घात-रूपांतर करून (वयाऐवजी वयाचा एखादा घात घेऊन) बघा. कडेच्या वयांत रेषा भरकटतात, म्हणून हव्या त्या वयापेक्षा थोडी लहान-मोठी मुलंही मोजा.

एका वयोगटात शंभर मुलं असली, वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) धरलं, तर मध्यकाची प्रमाण त्रुटी (दुसरी मुलं मोजली असती तर उत्तर साधारण किती हललं असतं ते) ०.१ प्रमाण विचलन असते. तिसऱ्या पर्सेंटाइलची ०.१७. थेट क्रम लावून काढला तर ०.२५. तीस मुलांवर तिसरा पर्सेंटाइल छापणं मला मान्य नाही. आणि तेच मूल दर महिन्याला मोजून आलेल्या बारा नोंदी म्हणजे बारा मुलं नव्हेत.

वयात येण्याच्या काळात वेगवेगळ्या मुलांची एकदाच मोजणी करून काढलेली रेषा वाढीचा झपाटा दडवते, कारण कुणी लवकर वाढतं, कुणी उशिरा. एकेका मुलाचा वेग पाहायचा असेल तर वर्षानुवर्षं मोजलेली माहिती हवी. त्यासाठी २०१० मध्ये मांडलेली सितार ही प्रत्येक मुलाची वाढीची रेषा वेगळी बसवणारी पद्धत आहे.

शेवटी वर्म प्लॉट, वयोगटागणिक: बसवलेल्या रेषांवरून आलेले झेड अपेक्षेपेक्षा किती वर-खाली आहेत ते ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. नुसत्या एआयसीच्या (रेषा किती चांगली बसली याच्या एकाच गुणांकाच्या) आकड्यावर विसंबू नका. ठिपक्यांची माळ वर-खाली सरकलेली असेल तर एम चुकला, तिरकी असेल तर एस, वाडग्यासारखी वळली तर एल. हाच प्लॉट तालुक्यागणिकही काढा. खानापूरची माळ पूर्ण खाली गेली असेल तर तो आलेख खानापूरचं वर्णन करत नाही. तेव्हा त्यावर ‘बेळगाव जिल्हा’ असं न छापता ज्या तालुक्यांतली मुलं मोजली त्यांचीच नावं आणि मोजणीचं साल छापा.