बोत्तिचेल्लीची व्हीनस, वॉरहॉलच्या पद्धतीने

अमेरिकन पॉप कलाकार अँडी वॉरहॉलने १९८४ मध्ये इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रामधून फक्त चेहरा आणि उडते केस घेतले, शिंपला, समुद्र सगळं गाळलं. स्क्रीन प्रिंटसाठी (ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून केलेल्या छापासाठी) तुम्हीही आधी निर्दयपणे कापा.

चित्र कृष्णधवल करून इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळींचा हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांत फोडलेलं चित्र) काढा आणि सेंटिमीटरला ९० धाग्यांच्या जाळीवर उतरवा. ठिपक्यांचा कोन २२.५ अंश ठेवा. ठिपक्यांच्या ओळी जाळीच्या धाग्यांना समांतर गेल्या तर गालावर नको ती नक्षी उमटते.

सपाट रंग आधी, फिक्याकडून गडदकडे, हाफटोन शेवटी. जाळी कागदापासून ३ मिमी वर हवी, नाहीतर ती चिकटते आणि कडा फिसकटतात. पाण्यात विरघळणारी शाई जाळीत लवकर सुकते, म्हणून प्रत्येक छापानंतर जाळीवर शाईचा थर ओढून ठेवा. रंग एखादा मिलिमीटर सरकला? राहू द्या, वॉरहॉलला ते शोभतं.