घरच्यांसाठी शिवताना या चुका टाळा: बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडेच

नवा पायजमा दोन-तीन धुण्यांत असा फिरतो की आतल्या बाजूची शिवण नडगीवर येऊन बसते. झबलं अंगाला बेतशीर होतं, पण डोक्यातून जाता जात नाही. मशीनवर वरची टीप देखणी दिसते आणि कापड उलटलं की खाली दोऱ्याचं जाळं. अशा वेळी घरी शिवणारी बहुतेक माणसं स्वतःलाच बोल लावतात: "माझा हातच अजून बसलेला नाही." मला हे पटत नाही. हात बसायला वेळ लागतो हे खरं, पण या तिन्ही तक्रारींचा हाताशी काही संबंध नाही. पायजमा बेततानाच बिघडला होता, झबलं माप घेताना आणि जाळं दोरा ओवताना. चूक दिसते त्या जागी ती सहसा झालेली नसते, आधीच्या एखाद्या पायरीवर होऊन गेलेली असते. उसवायला घेण्यापूर्वी ती पायरी शोधली, तर तीच शिवण पुन्हा पुन्हा उसवायची वेळ येत नाही.

कापड न धुता कात्री लावणं

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं. म्हणजे मीटरभर लांबीला 3 ते 5 सेंटिमीटर गेले. विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो, म्हणून आडवीपेक्षा उभी लांबी बहुधा जास्त आटते. बाह्या आखूड, पायजमा घोट्याच्या वर, हे त्यातूनच होतं. अस्तर लावलेल्या कपड्यात तर ही चूक लपतच नाही. वरचं कापड सुती आणि अस्तर न आटणारं असेल, तर धुतल्यावर अस्तर खालून डोकावू लागतं आणि आपण हेमची (खालच्या दुमडीची) चूक शोधत बसतो.

कपडा नंतर ज्या पद्धतीने धुतला जाणार आहे, त्याच पद्धतीने कापड आधी धुवा. पुढे मशीनमध्ये गरम पाण्यात पडणार असेल, तर आत्ता गार पाण्यात नुसतं बुचकळून काढण्याचा उपयोग नाही. कापलेल्या कडांवर आधी मोठी झिगझॅग मारा, नाहीतर धाग्यांचा गुंता होतो. सुती लेस आणि सुती पट्ट्याही सोबत धुवा, कारण त्याही आटतात. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर त्या कापडाला पांढऱ्याचा जोड नको.

कापड वाचवायच्या नादात धागा सोडणं

पायजमा का फिरतो, ते इथे कळतं. कापडाच्या विणलेल्या कडेला, म्हणजे किनारीला, समांतर जातो तो उभा धागा, त्याला काटकोनात आडवा. तुकडा उभ्या धाग्यावर सरळ बेतला तर कपडा अंगावरून सरळ पडतो. थोडा जरी कलला, तरी धागे धुण्यात आपापल्या जागी परतू पाहतात आणि शिवणीला सोबत ओढून नेतात. नवा असताना हे दिसत नाही, कारण खळ आणि इस्त्री कापडाला धरून ठेवतात.

तुकडे कलतात ते बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नाही, काटकसरीने. कापड चार बोटं कमी पडतं आणि मग "जरासा तिरका ठेवला तर बसेल" असं वाटतं. त्यापेक्षा सरळ जोड द्या. कमरेची पट्टी वेगळी काढा, खाली दुसऱ्या रंगाचा पट्टा लावा, बाहीला पाठीमागून जोड घ्या. जोड शोभून दिसू शकतो, फिरलेली शिवण कधीच शोभत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. कागदी नमुन्यावर उभ्या धाग्याची रेघ आखा आणि त्या रेघेच्या दोन्ही टोकांपासून किनारीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तरच टाचण्या लावा. कापडाची घडी घालताना नुसते कापलेले कोपरे जुळवू नका, कारण दुकानातला काप वाकडा असू शकतो. किनारीवर किनार ठेवून कापड लोंबतं धरा. घडीपाशी लाट दिसली तर एक बाजू हळूहळू सरकवा, लाट जाईपर्यंत.

गळ्याच्या पट्टीचं मात्र उलट आहे. तिथे सरळ पट्टी चालत नाही, 45 अंशांत कापलेली उरेब पट्टीच लागते. उरेब कापड ताणलं जातं म्हणून गोलाईवर बसतं. सरळ पट्टीला गोलाईत चुण्या पडतात, मग टीप कितीही सावकाश मारा.

माप अंगाचं घेतलं, कपड्याचं नाही

माझ्या मते घरच्या शिवणकामातला सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. छाती 32 इंच भरली म्हणून कपडाही 32 इंच कापला, तर त्यात माणूस हात वर करू शकणार नाही. न ताणणाऱ्या कापडात छातीला 2 ते 4 इंच सैलपणा हवा आणि शिवणीची माया (टिपेच्या बाहेर ठेवायचं जास्तीचं कापड) त्याहून वेगळी. त्या माणसाच्या अंगाला आधीपासून बरा बसणारा कपडा सपाट पसरून मोजला, तर हा हिशोब आपोआप निघतो.

आता गळा. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण 45-46 सेंटिमीटर घेराचं असतं, मान त्यापेक्षा बरीच बारीक. मानेच्या मापाने कापलेला गळा दिसायला नेमका दिसतो आणि डोक्यातून जात नाही. होजिअरी कापड ताणून निभावून नेतं, सुती नाही. डोक्याच्या घेराहून 2-3 सेंटिमीटर जास्त उघड मिळायलाच हवी. गळा तेवढा मोठा नको असेल तर पाठीला चीर द्या, नाहीतर खांद्यावर बटणपट्टी.

मोठ्यांच्या कपड्यांत तक्रार उलटी येते, गळा पसरट झाल्याची. त्यामागे साधं गणित आहे. गळा पूर्ण मापाने कापला आणि मग 1 सेंटिमीटर माया घेऊन कड आत वळवली, तर गोलाचा घेर जवळपास 6 सेंटिमीटरने वाढतो, कारण तुम्ही वर्तुळाची त्रिज्याच 1 सेंटिमीटरने वाढवलेली असते. म्हणून कड आत वळवायची असेल तर गळा मायेएवढा लहान कापायचा. कडेला पट्टी मढवायची असेल, तर हव्या त्या मापानेच कापायचा. बेतण्याआधी हे ठरलेलं नसेल, तर नंतर दुरुस्तीला जागाच उरत नाही. आणि कापल्या कापल्या गळ्याच्या कडेला, मायेच्या आत, एक साधी टीप मारून ठेवा. तिरके धागे हाताळतानाच ताणले जातात, ही टीप त्यांना धरून ठेवते.

पायजम्याचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग) उभं राहून मोजलं की बसताना पाठीमागून कंबर खाली सरकते. खुर्चीवर बसवून कमरेपासून बैठकीपर्यंत मोजा आणि मागचं आसन पुढच्यापेक्षा खोल ठेवा. पुढचे-मागचे तुकडे एकाच नमुन्यावर कापणं झटपट होतं, पण त्याची शिक्षा घालणाऱ्याला रोज होते.

वाढत्या मुलांसाठी सगळंच मोठं शिवू नका. खांदे मोठे झाले की बाही दंडावर उतरते आणि खेळताना मूल सारखं ती वर ओढत राहतं. वाढीची जागा लांबीत ठेवा: हेम जास्त घ्या किंवा घेराला दोन आडव्या टका (शिवलेल्या घड्या) घाला, त्या पुढे उसवता येतात.

म्हातारपणी पाठीला बाक आलेला असेल, तर "जरा ताठ उभी राहा गं आजी" म्हणून माप घेऊ नका. त्या एरवी जशा उभ्या राहतात तसंच घ्या. बाकामुळे पाठीची लांबी जास्त लागते आणि पुढची कमी. दोन्ही सारख्या ठेवल्या तर कपडा मागून उचलला जातो आणि पुढून पायात येतो. हात वर जात नसतील तर पुढून पूर्ण उघडणारा कपडा शिवा, बटणं मोठी आणि काजं मोकळी ठेवा. लांबी घोट्याच्या वरच, अडखळायला नको.

खाली जाळं दिसलं म्हणून बॉबिन खोलणं

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फुगे आणि गाठी दिसल्या की हात आधी बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या फिरकीकडे, जातो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांच्या मधून जातो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना या चकत्या मिटलेल्या असतात. त्या वेळी ओवलेला दोरा आत न शिरता वरच राहतो, त्याला ताण मिळत नाही आणि जास्तीचा दोरा खाली जाऊन साचतो. म्हणून प्रेशर फूट वर करा, दोरा काढून पहिल्यापासून ओवा, फूट खाली करा आणि सुईपाशी दोरा हलका ओढून बघा. आता तो अडून यायला हवा. फूट वर असताना सहज येतो आणि खाली केल्यावर अडतो, तर ओवण बरोबर आहे.

गाठी वरच्या बाजूला दिसत असतील तर बॉबिन बघायचं: दोरा स्प्रिंगच्या फटीतून गेलाय का, बॉबिन सैल भरलंय का, फटीत कापसाचं कीट अडकलंय का. बॉबिन केसचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही पाव आट्याहून जास्त नाही. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवली, तर पहिल्या टाक्यांतला गुंता टळतो.

टाका सुटत असेल तर आधी सुई बदला. सुईवरचा 90 हा आकडा म्हणजे जाडी 0.9 मिलिमीटर. त्यालाच शेजारी 14 लिहिलेलं असतं. मलमलीला 9 किंवा 11, नेहमीच्या सुती कापडाला 14, जीन्सला 16 नंबर आणि होजिअरीला गोल टोकाची सुई. होजिअरीवर सरळ टीप मारू नका, ताण पडला की ती कटकन तुटते. अगदी अरुंद झिगझॅग मारा, ती कापडासोबत ताणली जाते. कापड मागून ओढूही नका. पुढे सरकवायचं काम सुईखालच्या दात्यांचं आहे. ओढल्याने सुई वाकते आणि प्लेटवर आपटते.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं आणि थंडीत मशीन जड होऊन बसते.

घाई होते ती इस्त्रीत

एका शिवणीवरून दुसरी शिवण जाणार असेल, तर पहिली आधी इस्त्रीने दाबून घ्या. नंतर ती आतून कधीच सपाट होत नाही. इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, नाहीतर तिरकी कड ताणली जाते. गळा आणि मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या गोलाईच्या) मायेला टिपेच्या अगदी जवळपर्यंत छोटे कट द्या. गळा उलटवल्यावर ओढल्यासारखा दिसतो, तो कट न दिल्यामुळे.

बाळासाठी शिवताना माफी नाही

बाकीच्या चुकांनी कपडा बिघडतो, इथे जीवाशी गाठ असते. टोपडं किंवा झबल्याला गळ्यापाशी नाडी लावू नका. युरोपातल्या मुलांच्या कपड्यांच्या ईएन 14682 या मानकात 7 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाड्या चालत नाहीत, इतका हा धोका गंभीर मानला जातो. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो सुटा भाग त्यात मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरलं जातं. नेहमीची जवळपास सगळी बटणं त्यात मावतात. म्हणून बाहुलीचे डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याच्या भरतकामाने काढा.

मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आतले लोंबते दोरे एकूण एक कापा. असा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवतो आणि बाळ नुसतं रडत राहतं, का ते आपल्याला कळत नाही. मोजा उलटा करून आतली बाजू बोटाने चाचपून मगच द्या. टाचण्या मोजून लावा आणि मोजूनच काढा. हौसेने केलेली गोधडी वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी ठेवू नका, पांघरायलाही नाही आणि खालीही नाही. मऊ अंथरुणात श्वास कोंडू शकतो. बाळ जागं असताना जमिनीवर पसरा, समोर बसा, लोळू दे त्याला.

उसवायचंच असेल तर

एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका उसवणीने कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो अखंड निघून येतो. दोन तुकडे हाताने फाकवून टर्रकन उसवलं तर कड ताणली जाते आणि दुसऱ्यांदा शिवताना तुकडे जुळतच नाहीत. उसवल्यावर वाफेची इस्त्री फिरवली की सुती कापडातली भोकं बरीच मिटतात. चामडं, रेक्झिन आणि बारीक रेशमात ती मिटत नाहीत, त्यांना आधी हाताने कच्चा टाका घाला, तोही मायेच्या आतच. आणि वाकडी आली पण आतल्या बाजूला राहणार आहे, अशी टीप खुशाल राहू द्या. वेळ द्यायचा तो आवळणाऱ्या मुंढ्याला आणि टोचणाऱ्या शिवणीला.