लाइम रोग: गोचीड चावल्यावर या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट या पट्ट्यात मे महिना लागला की ओळखीपाळखीचे लोक मला गोचिडीचे फोटो पाठवायला लागतात. मी डॉक्टर नाही. घर जंगलाला लागून आहे, परसात भाजी लावते आणि बरीच वर्षं हे सगळं जवळून बघते आहे, म्हणून लोक विचारतात. लाइम हा गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग. तो वेळेत पकडला तर गोळ्यांनी बरा होतो. पण इथल्या आपल्या मराठी घरांमधून होणाऱ्या बहुतेक चुका तो वेळच घालवतात.

१९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावात आणि आसपास मुलांचे गुडघे सुजत होते. दोन आयांनी पिच्छा पुरवला म्हणून डॉक्टरांनी लक्ष घातलं. जंतू सापडला १९८१ साली, विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना, गोचिडीच्या आतड्यात. तो आतड्यात असतो हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

तेल, रॉकेल, काडी

गावाकडे गुरांच्या गोचिडीवर रॉकेल लावलेलं आपण पाहिलंय. त्यामुळे इथे मुलाच्या मांडीवर गोचीड दिसली की कुणी खोबरेल तेल चोपडतं, कुणी व्हॅसलीन, कुणी विझवलेली काडी टेकवतं, आणि मग ती आपोआप सुटायची वाट बघतात. हे पाहिलं की मला खरंच राग येतो.

गोचीड रक्त प्यायला लागली की आतड्यातला जंतू हळूहळू तिच्या लाळेत उतरतो. त्याला वेळ लागतो. साधारण २४ तासांच्या आत ती काढली, तर लाइम होण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे दिसली त्या मिनिटाला काढायची. तेल लावून बसलात तर तिला जास्त वेळ मिळतो. शिवाय तिला डिवचलं किंवा बोटांनी चेपलं, तर तिच्या पोटातला द्रव जखमेत जाऊ शकतो.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. कातडीला अगदी लागून तिला पकडा आणि सरळ वर, एकसारखं ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. मग साबणाने किंवा अल्कोहोलने जागा धुवा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर तो कातडी आपोआप बाहेर टाकते. काटा काढतो तशी सुई घालून उकरू नका. माझ्याकडे एक चिमटा गाडीत असतो, एक न्हाणीघरात. काढलेली गोचीड मी पारदर्शक टेपखाली कागदावर चिकटवते आणि तारीख लिहिते. ती कुठल्या जातीची आणि किती फुगलेली होती हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्यात मात्र पैसे घालवू नका. तिच्यात जंतू निघाला म्हणजे तुम्हाला लागण झाली असं होत नाही.

काळ्या पायांची (लाइम पसरवणारी जात), फुगलेली गोचीड असेल आणि ती दीड दिवस तरी चिकटलेली असावी असं वाटत असेल, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा एकच डोस, मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, पुढचं टाळू शकतो. "सोमवारी बघू" म्हणून शनिवार-रविवार घालवणारे पुष्कळ आहेत.

गोल चक्र दिसेल म्हणून वाट बघणं

पुस्तकातला फोटो सगळ्यांना माहीत असतो: गोऱ्या कातडीवर लाल वर्तुळ, मध्ये ठिपका. प्रत्यक्षात पुष्कळदा चट्टा सरसकट लाल असतो, मधे वर्तुळ नसतंच. आपल्या सावळ्या रंगावर तर तो मार लागल्याच्या डागासारखा जांभळट दिसू शकतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत तो येतो आणि दिवसागणिक पसरत पाच सेंटिमीटरच्या पुढे जातो. बऱ्याचदा खाजतही नाही. दहातल्या दोन-तीन जणांना तर चट्टा येतच नाही.

ओळखीतल्या एका घरी मुलीचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. मागच्या अंगणात, झाडीच्या कडेला, त्यांनी मेथी-मिरची लावली. जूनमध्ये गुडघ्याच्या मागे तळहाताएवढा काळपट डाग आला. गोचीड कुणी पाहिलीच नव्हती. या काळातली पिल्लं खसखशीएवढी असतात आणि चावताना कळत नाही. काकांना वाटलं गजकर्ण. भारतातून आणलेलं मलम लावलं. प्रवासी विम्यातून पैसे मिळतील का या काळजीत आठवडा गेला. शेवटी एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे रक्त तपासलं, "निगेटिव्ह आहे, लाइम नाही" असं सांगून घरी पाठवलं. डाग आपोआप गेला आणि सगळे निर्धास्त झाले.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी काकांचा अर्धा चेहरा उतरला. पक्षाघात समजून घरच्यांनी अँब्युलन्स बोलावली, आणि ते बरोबरच केलं. निघालं लाइम. डॉक्सिसायक्लिन दिलं आणि चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. जूनमध्ये कुणी डागाकडे नीट पाहिलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

लाइमची रक्ततपासणी जंतू शोधत नाही, शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा असताना पहिल्या आठवड्यात आलेल्या निगेटिव्हला अर्थ नाही. लाइमच्या भागात राहणाऱ्याच्या अंगावर तसा चट्टा दिसला की अनुभवी डॉक्टर रक्ताची वाट न बघता उपचार सुरू करतात. डाग पसरतोय असं वाटलं तर पेनाने कड आखा, रोज फोटो काढा, आणि कुठे गोचिडीच्या जागी गेला होतात हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

उलटी चूकही आहे. बरे झाल्यावर "पॉझिटिव्ह अजून का?" म्हणून पुन्हा पुन्हा तपासायचं. प्रतिद्रव्यं वर्षानुवर्षं राहतात. त्यावरून बरे झालात की नाही ते कळत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत

बॅगेतली अझिथ्रोमायसिनची पट्टी स्वतःहून सुरू करू नका. लाइमवर ती पहिल्या पसंतीचं औषध नाही. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर, कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेऊ नका, अंगाला कमी लागतं. भरपूर पाण्याने घ्या, लगेच आडवे होऊ नका, उन्हात जपा. साध्या चट्ट्याला १० ते १४ दिवस पुरतात. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी थांबवणारे अधीर लोक आणि थकवा राहिला म्हणून महिनोन्‌महिने शिरेतून अँटिबायोटिक घेणारे, दोघंही चुकतात. काहींना उपचारानंतरही थकवा, अंगदुखी रेंगाळते, ते खरं आहे. पण लांबवलेल्या अँटिबायोटिकने ती बरी होत नाही हे चाचण्यांत दिसलंय, आणि शिरेतल्या नळीतून गंभीर जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

जंगलातून आल्यावर कपडे आधी धुणं. गार पाण्यात गोचीड मरत नाही. कोरडे कपडे आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटं फिरवा.

पर्मेथ्रिन हे कीटकनाशक अंगावर मारणं. ते बूट, मोजे, पँट यांसाठी आहे. पूर्ण वाळू द्या, ओलं असताना मांजर लांब ठेवा. अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं, कीटक दूर ठेवणारं औषध लावा.

गोचीड झाडावरून पडते असं समजून फक्त टोपी घालणं. ती गवताच्या टोकावर पाय पसरून बसते आणि खालून वर चढते. पँट मोज्यात खोचा.

घाईघाईत नुसते हातपाय बघणं. काख, जांघ, बेंबी, कानामागे, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली आणि वेणी सोडून केसांच्या मुळाशी बघा. दोन तासांत आंघोळ.

सप्टेंबरनंतर निर्धास्त होणं. मोठ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरात असतात, आणि पानांच्या ढिगात आपली मुलं उड्या मारतात.

आई-वडील जुलैत पुण्याला परतले आणि तिथे ताप आला, तर पावसाळ्यात डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यूच येणार. त्यांना पहिल्याच भेटीत सांगा: जूनमध्ये न्यू जर्सीत होतो, झाडीजवळ बसायचो, आणि असा डाग आला होता. त्या डागाचा फोटो आई-वडील निघण्यापूर्वीच त्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा.