हांगुल वाचायला शिकताना : पाच आकार आणि एक नियम

कोरियन भाषेची हांगुल लिपी शिकू पाहणारे बहुतेक जण सुरुवातीलाच 24 अक्षरांचा तक्ता पाठ करायला घेतात. माझ्या मते ही वाट लांबची आहे, कारण ही लिपी हळूहळू घडत गेलेली नसून विचारपूर्वक रचलेली आहे. सेजोंग राजाने ती 1443 मध्ये सिद्ध केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तेव्हाच्या ग्रंथात प्रत्येक आकारामागचे कारण नोंदवलेले आहे. त्या ग्रंथाची मूळ छापील प्रत 1940 मध्ये उजेडात आली आणि आकारांविषयीचे जुने तर्कवितर्क थांबले. म्हणून तक्ता बाजूला ठेवावा आणि स्वतःच्या तोंडापासून सुरुवात करावी.

व्यंजनांचे मूळ आकार पाचच आहेत. वरची आडवी रेघ उजव्या टोकाशी वळून सरळ खाली उतरली की 'क' होतो. 'क' उच्चारताना जिभेचे मूळ वर उचलले जाते, आणि डावीकडे तोंड केलेल्या माणसाची जीभ बाजूने जशी दिसेल तसा हा आकार आहे. उभी रेघ खाली येऊन उजवीकडे वळली की 'न' होतो. इथे जिभेचे टोक वर टेकलेले आहे. चौकोन म्हणजे तोंड, त्याचा उच्चार 'म'. दोन तिरप्या रेघा वर टोकाशी जुळल्या की दात, म्हणजे 'स'. वर्तुळ म्हणजे घसा. हे आकार बघत, मोठ्याने उच्चार करत आणि जीभ नेमकी कुठे लागते हे तपासत शिकावेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णमालेची विभागणी शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही.

नियम असा की उच्चार जोरकस झाला की रेघ वाढते. 'न'च्या माथ्यावर आडवी रेघ आली की 'त', आणखी एक आली की 'थ'. 'क'च्या पोटात रेघ आली की 'ख'. 'स'च्या डोक्यावर रेघ आली की 'च', तिच्याही वर छोटी रेघ आली की 'छ'. 'म'पासून 'प' आणि 'फ' होताना चौकोन थोडा बदलतो, तर वर्तुळावर दोन रेघा चढल्या की 'ह' होतो. नागमोडी 'र/ल' तेवढा या नियमात बसत नाही, तो वेगळा लक्षात ठेवावा. 'ख', 'थ', 'फ' यांतला महाप्राण आपल्याला आयता येतो, मात्र 'फ' ओठ पूर्ण मिटूनच म्हणावा. 'च' हा 'चित्र'मधला आहे, 'चाक'मधला नव्हे. 'क' आणि 'ग' यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत: शब्दाच्या आरंभी 'क'कडे झुकणारा उच्चार दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ग' होतो, आणि 'त', 'प', 'च' यांचेही तसेच. दुहेरी लिहिलेली पाच व्यंजने घसा आवळून म्हणायची असतात; ती पुस्तकातून येत नाहीत, कानानेच शिकावी लागतात.

स्वर उभ्या आणि आडव्या रेघेवर उभे आहेत. उभ्या रेघेच्या उजव्या अंगाला छोटी रेघ असेल तर 'आ', डाव्या अंगाला असेल तर 'ऑ'च्या जवळचा उच्चार. आडव्या रेघेच्या वर छोटी रेघ असेल तर 'ओ', खाली असेल तर 'उ'. नुसती उभी रेघ 'इ' असते. नुसती आडवी रेघ म्हणजे ओठ गोल न करता, दोन्ही बाजूंना ताणून म्हटलेला 'उ'. छोटी रेघ दुहेरी झाली की आधी 'य' येतो.

ही अक्षरे ओळीने न लिहिता, शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा एकेक तुकडा एकेका चौकटीत रचतात. 'हांगुल' हा शब्दच घ्या. पहिल्या चौकटीत वर डावीकडे 'ह', त्याच्या उजवीकडे 'आ' आणि दोघांच्या खाली 'न' आहे. दुसऱ्या चौकटीत तीन मजले आहेत: वर 'क', मध्ये नुसती आडवी रेघ, तळाशी 'ल', आणि हा 'क' मागच्या 'न'मुळे 'ग' ऐकू येतो. उभा स्वर व्यंजनाच्या उजवीकडे आणि आडवा खाली बसतो, एवढे कळले की कोणतीही चौकट सोडवता येते. चौकटीची सुरुवात स्वराने होत असेल तर व्यंजनाच्या जागी वर्तुळ ठेवतात आणि ते वाचत नाहीत; तेच वर्तुळ तळाशी असेल तर 'ङ्' होतो. तळच्या व्यंजनापुढे असे मुके वर्तुळ आले की ते व्यंजन सहसा पुढच्या स्वराला जाऊन मिळते. तळाशी 'स' असेल आणि पुढे काही नसेल, तर तो 'त्' असा तुटक ऐकू येतो.

सरावासाठी चौकटीची वही घ्यावी आणि रेघा वरून खाली, डावीकडून उजवीकडे ओढाव्यात. पहिले शब्द कॉफी, बस यांसारखे घ्यावेत, कारण कोरियनमध्ये तेही इंग्रजीतूनच आले आहेत आणि अर्थ आधीच ठाऊक असल्याने वाचन बरोबर झाले की नाही ते लगेच कळते. मग स्थानकांच्या पाट्या आणि कोरियन नूडल्सची पाकिटे वाचावीत. अक्षरांखाली देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची सवय लवकर मोडावी, नाहीतर डोळा तिकडेच जात राहतो. वाचन जमू लागले की फोनमध्ये कोरियन कळफलक घ्यावा: नेहमीच्या मांडणीत व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला असतात, क्रमाने कळा दाबल्या की चौकट आपोआप जुळते.