अमेरिकेत रेसिडेन्सीला येताय आणि पुढे पल्म-क्रिट करायचंय? मग हे वाचा

दरवर्षी जून आला की नवीन येणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात, इंटर्नल मेडिसिनला मॅच झालोय (म्हणजे जागा मिळालीये), पुढे पल्मोनरी-क्रिटिकल केअर (फुफ्फुसं आणि आयसीयू) करायचंय, काय करू. मी ओहायोत आहे, त्यामुळे थोडं इकडचं घुसेलच यात.

पहिलं म्हणजे गणित समजून घ्या. रेसिडेन्सी (एमबीबीएसनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) तीन वर्षं आणि फेलोशिप (त्यापुढचं स्पेशालिटीचं) तीन, पण फेलोशिपचे अर्ज तिसरं वर्ष सुरू होताच जुलैत जातात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मॅच, म्हणजे तुमच्या हातात खरी दोनच वर्षं. आयसीयू रोटेशन लवकर मागून घ्या, शिफारशीचं लेटर देणाऱ्याने तुम्हाला रात्री दोनला पेशंटजवळ पाहिलेलं असलं तर तो चार ओळी मनापासून लिहितो.

मुंबई-पुण्याकडून आलेल्यांचे हात चांगले चालतात, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) वगैरेची भीती नसते. अडतं दुसरीकडेच. तिकडे व्हेंटिलेटर आपण स्वतः फिरवतो, इथे तो रेस्पिरेटरी थेरपिस्टचा (श्वासाची यंत्रं सांभाळणाऱ्या तज्ज्ञाचा) प्रांत, परस्पर नॉबला हात लावलात की त्या दिवसापासून तुमचं अवघड झालंच म्हणून समजा. त्यांना विचारा, ते भरपूर शिकवतात. एआरडीएसच्या (फुफ्फुसं सुजून पाण्याने भरलेल्या) पेशंटचं टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, उंचीवरून काढायचं, वजनावरून नाही, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण चार्टमधली उंची कुणीतरी अंदाजाने टाकलेली असते, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा. 170 सेंटीमीटरचा पुरुष 130 किलोचा असला तरी हिशोबाला 66 किलोच धरायचा, म्हणजे किलोमागे सहा मिलीने साधारण 400 मिली. 2000 साली आलेल्या एआरडीएसनेट या अमेरिकन संशोधन गटाच्या ट्रायलमध्ये 12 ऐवजी 6 मिली दिल्यावर मृत्यू जवळपास 40 टक्क्यांवरून 31 वर आले होते, आणि हा फरक कुठल्या नवीन औषधामुळे नव्हता.

आणि फुफ्फुसात ग्रॅन्युलोमा (सुजेची छोटी गाठ) दिसला की लगेच टीबी म्हणू नका (जीभ वळतेच, मला माहितीये). ओहायो नदीच्या खोऱ्यात हिस्टोप्लाझ्मोसिस, ॲरिझोनात कॉक्सी (कॉक्सिडिऑइडोमायकोसिस), हे दोन्ही बुरशीचे आजार टीबीसारखेच दिसतात, त्यामुळे पेशंट कुठे राहिलाय, कोंबड्या-वटवाघळांच्या विष्ठेशी संबंध आला का हे विचारायचं. टीबीवरून आठवलं, जॉइन होताना तुमचीही टेस्ट होते, बीसीजीमुळे स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, क्वांटिफेरॉन (टीबीची रक्ततपासणी) करा म्हणून आधीच सांगा.

सगळ्यात जास्त वेळ लागतो फॅमिली मीटिंगला. आपल्याकडे नातेवाईक सांगतात, बाबांना काही बोलू नका डॉक्टर, आणि आपण ऐकतो. इथे पेशंट शुद्धीवर असेल तर आधी त्याच्याशीच बोलायचं, नसेल तर त्याने नेमलेल्या माणसाशी, आणि त्या माणसाला स्वतःला काय हवंय हे नाही तर पेशंट काय म्हणाला असता हे विचारायचं. सुरुवातीला फक्त एवढंच, तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय? मग गप्प बसा. अवघड जातं, आपल्याला लगेच क्रिएटिनिनसारखे रिपोर्टचे आकडे सांगायची घाई असते. चांगल्या अटेंडिंगच्या (सीनियर डॉक्टरच्या) मागे नुसतं बसायला जा, कुणी नाही म्हणत नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. जे-1 (प्रशिक्षणाचा व्हिसा) जास्तीत जास्त सात वर्षं, एच-1बी (नोकरीचा) सहा, म्हणजे एच-1बीवर मध्ये चीफ रेसिडेन्सीचं (बाकी रेसिडेंट सांभाळायचं) जादा वर्ष घ्यायचं मनात असेल तर आधी मोजा. जे-1वर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, फेलोशिपला पुन्हा नवीन, म्हणून मॅच झाल्याझाल्या अर्ज टाका. जे-1 संपल्यावर दोन वर्षं भारतात परत जायची अट, ती टाळायला बहुतेक जण कॉनराड वेव्हर (त्या अटीतून सूट) घेतात, दर राज्याला वर्षाला 30 जागा आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. फेलोशिपच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अशा नोकरीची शोधाशोध सुरू झालीच पाहिजे, अशा गावांना आयसीयूवाला हवाच असतो पण करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणि हो, कॉल (ड्युटीचं) शेड्यूल बनायच्या आधी चीफ रेसिडेंटला दिवाळीची तारीख कळवून ठेवा, इथे ती कुणाच्या कॅलेंडरवर नसते. ख्रिसमसचा कॉल घेतो म्हणालात की अदलाबदलीला चार जण धावत येतात.